लक्ष्मीबाई कुणाच्या मागून गेल्या?

लक्ष्मीबाई टिळकांच्या 'स्मृतिचित्रे'चं इंग्रजी भाषांतर १९५० साली निघालं. ई. जोसेफाइन इंक्स्टर यांनी ते केलं आणि नाव दिलं 'आय फॉलो आफ्टर'. म्हणजे साधारण 'मी मागून येते आहे'. बायबल वाचणाऱ्याला त्यात पौलाच्या पत्रातले शब्द ऐकू येतील. पण आपल्यासारख्या बायकांच्या कानाला ते नाव निराळंच लागतं. नवरा पुढे, बायको चार पावलं मागे. लग्नाच्या मांडवापासून आपल्याला हेच चालणं शिकवलेलं असतं. त्यामुळे नारायण वामन टिळक ख्रिस्ती झाले आणि बिचारी बायकोही यथावकाश त्यांच्या मागून गेली, असं या पुस्तकाचं सार पुष्कळजणी सांगतात. काहीजणी कौतुकानं सांगतात, काहीजणी नाक मुरडून.

मला दोन्ही पटत नाही. पुस्तक पुन्हा नीट वाचलं तर लक्ष्मीबाई नवऱ्याच्या मागून गेल्याच नाहीत, असं माझं मत आहे. त्या बराच काळ जागच्या हलल्या नाहीत, आणि हलल्या तेव्हा आपल्या पायांनी हलल्या.

आमच्या महिला मंडळात दशलक्षणाच्या आधी दुपारचं वाचन असतं. यंदा या पुस्तकाचं नाव निघालं तेव्हा एका ज्येष्ठ बाईंनी विचारलं, "धर्म सोडलेल्या बाईचं पुस्तक बस्तीच्या आवारात कशाला गं?" प्रश्न रागानं नव्हता, काळजीनं होता. आमच्या बेळगावात बस्ती, देऊळ, दर्गा आणि कॅम्पातली चर्चं शेजारीशेजारी आहेत. शाळेत आम्ही ख्रिस्ती मुलींबरोबर डबे उघडले. पण शेजार वेगळा आणि धर्म बदलणं वेगळं, असं त्या बाईंना वाटलं, आणि त्यात खोटं काही नाही. मी जन्मानं जैन आहे, मनानंही आहे आणि समाधानी आहे. या पुस्तकाकडे मी धर्म शोधायला जात नाही. एक बाई स्वतःला कसं तपासते ते पाहायला जाते. ते तपासणं आपल्याकडे आलोचना पाठात रोज असतं. रोज म्हणून म्हणून त्याची धार गेलेली असते एवढंच.

हकिकत थोडक्यात सांगते, कारण ती बहुतेकींना ठाऊक आहे. लक्ष्मीबाईंचा जन्म १८६८चा, नाशिककडचा. माहेरच्या गोखले. अकराव्या वर्षी लग्न. शाळा नाही, अक्षरओळख झाली ती नवऱ्यामुळे. नवरा कवी, वक्ता, हुशार, तापट आणि एका ठिकाणी न टिकणारा. हातात पैसा आला की दुसऱ्याला देऊन मोकळा होणारा. १८९३ साली राजनांदगावच्या वाटेवर आगगाडीत एका गोऱ्या प्रवाशानं टिळकांना नवा करार दिला आणि दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल असं भाकीत केलं. फेब्रुवारी १८९५ मध्ये मुंबईत टिळकांचा बाप्तिस्मा झाला. लक्ष्मीबाईंचा झाला १९०० साली.

या दोन सालांच्या मध्ये पाच वर्षं आहेत. सगळं पुस्तक माझ्या मते त्या पाच वर्षांत आहे.

टिळकांच्या बाजूनं पाहिलं तर धर्मांतराला एक तारीख आहे. त्याआधी वाचन, पत्रव्यवहार, वादविवाद, मनाची ओढाताण, सगळं झालेलं होतं. पण ते त्यांच्या एकट्याच्या मनात. घरी जे पोचलं ते तयार झालेलं पोचलं. पुरुषांचे निर्णय आपल्याकडे असेच येतात, नाही का? बदली, नोकरी सोडणं, घर विकणं. शिजवून झाल्यावर आपल्याला वाढायला बोलावतात. लक्ष्मीबाईंच्या वाट्याला आलेलं ताट मात्र फार जड होतं. नवरा जिवंत आणि नवरा नाही. सवाष्ण म्हणावी तर संसार नाही, विधवा म्हणावी तर कपाळावर कुंकू आहे. कडेवर लहान मुलगा. त्या बहिणीच्या आधारानं पंढरपूरला राहिल्या, माहेरच्यांनी सांभाळलं, आणि दुःख असह्य झालं तेव्हा त्यांनी कविता रचायला सुरुवात केली.

या काळात टिळकांची पत्रं येत होती, बोलावणी येत होती. साधी पतिव्रता असती तर गेली असती. साधी कर्मठ असती तर नातं तोडून बसली असती. लक्ष्मीबाईंनी दोन्ही केलं नाही. नवरा हवा होता, त्याचा धर्म नको होता, आणि या दोन गोष्टी वेगळ्या आहेत हे त्यांना कुणी शिकवावं लागलं नाही. नवऱ्यावर माया आहे म्हणून त्याचं म्हणणं खरं मानायचं, असा हिशेब त्यांनी मांडला नाही. पुढे त्या नगरला टिळकांजवळ राहायला गेल्या, तरी चूल वेगळी ठेवली, सोवळं वेगळं ठेवलं. एका आवारात दोन धर्म आणि दोन स्वयंपाक.

आपल्याकडे रेवती राणीची कथा सांगतात. सम्यग्दर्शनाच्या आठ अंगांपैकी अमूढदृष्टी या अंगाची ती कथा. रोज नवा देव अवतरला अशी हूल उठते आणि सगळं नगर दर्शनाला लोटतं. शेवटी तर प्रत्यक्ष तीर्थंकर आले म्हणतात, तरी रेवती जात नाही. तिला खात्री पटलेली नसते, म्हणून ती घरी बसते. लहानपणी मला ही कथा रुक्ष वाटायची, तिच्यात काही घडतच नाही म्हणून. आता वाटतं, बाईनं न जाणं हेच केवढं मोठं घडणं आहे! नगरच्या त्या वेगळ्या चुलीपुढे बसलेल्या लक्ष्मीबाई मला रेवतीच्या जातीच्या वाटतात. पुढे त्यांची श्रद्धा आपल्या वाटेनं आली नाही हे खरं. पण पटल्याशिवाय उठायचं नाही, हा गुण कुठल्या एका धर्माच्या मालकीचा नाही.

आता सोवळ्याकडे येते, कारण पुस्तकाचा जीव तिथे आहे.

लक्ष्मीबाईंच्या आजोबांना १८५७च्या धामधुमीत फाशी झाली. त्या धक्क्यानंतर त्यांच्या वडिलांच्या डोक्यात सोवळ्याचं वेड शिरलं. घरात येणारी वस्तू पाण्यातून काढल्याशिवाय आत घ्यायची नाही. आई आणि मुलं त्या धुण्यात पिचून गेली. ही पानं लक्ष्मीबाई इतक्या गमतीनं लिहितात की वाचताना हसू आवरत नाही, आणि पान उलटलं की घशाशी काहीतरी येतं. हे वेड धर्मातून आलेलं नव्हतं, भीतीतून आलेलं होतं. धर्माचं नाव त्याला सोयीचं पडलं, एवढंच. लक्ष्मीबाई असं कुठे सरळ म्हणत नाहीत. त्या फक्त घर दाखवतात. टीकाकारांनी त्यांच्या विनोदाचं कौतुक पुष्कळ केलं आहे, पण हा विनोद कुणाला लागत नाही आणि तरी काही लपवत नाही, याकडे थोड्यांचं लक्ष जातं.

अशा घरातली मुलगी. तिच्या हाडात सोवळं भिनलेलं. वडिलांच्या सोवळ्याचा जाच सोसलेली हीच बाई पुढे स्वतःचं सोवळं घट्ट धरून बसते, हा बारकावा मला फार खरा वाटतो. जाच सोसला म्हणून माणूस लगेच शहाणा होत नाही. आमच्या भागात मडी म्हणतात सोवळ्याला. सासूच्या मडीनं रडलेल्या सुना पन्नाशीला आल्या की स्वतःची मडी कशी चढत्या आवाजात सांगतात, ते मी लग्नकार्यात पुष्कळ पाहिलं आहे.

मग एके दिवशी लक्ष्मीबाई विचार करायला बसतात. कुणी प्रवचन दिलेलं नसतं, आजारात चमत्कार झालेला नसतो, आकाशवाणी नसते. प्रश्न अगदी घरगुती असतो. हा जातिभेद देवानं केला की माणसानं? त्या उलटसुलट विचार करतात, स्वतःशी वाद घालतात, आणि माणसानंच केला या निर्णयाला येतात. एकदा निर्णय झाल्यावर मात्र रेंगाळत नाहीत. यापुढे कुणाच्याही हातचं खायचं, प्यायचं. ख्रिस्तावरची श्रद्धा याच्या नंतर येते, आणि बाप्तिस्मा त्याच्याही नंतर.

हा क्रम लक्षात घ्या. लोकांची समजूत अशी की आधी धर्म बदलतो, मग खाणंपिणं सुटतं. ख्रिस्ती झाली म्हणून सोवळं गेलं. पुस्तकात उलट आहे. आधी पाण्याचा तांब्या बदलला. ज्या माणसाच्या हातचं पाणी नको वाटत होतं, तो माणूस आपल्यासारखा आहे हे आधी दिसलं. नवा देव त्या मोकळ्या झालेल्या जागेत आला. म्हणून मी म्हणते, या पुस्तकातलं सगळ्यात मोठं परिवर्तन चर्चमध्ये झालेलं नाही. ते स्वयंपाकघरात झालं, आणि टिळक त्या वेळी फार तर शेजारच्या खोलीत होते.

आता मंडळातल्या त्या बाईंच्या काळजीला उत्तर देता येईल. लक्ष्मीबाईंनी स्वतःला विचारलेला प्रश्न आपल्या शास्त्रात केव्हाचा विचारलेला आहे. समंतभद्राचार्यांच्या 'रत्नकरंड श्रावकाचारा'त आठ मद सांगितले आहेत. त्यांत कुलमद आहे, जातिमद आहे. हे मद असतील तर सम्यग्दर्शन मलिन होतं. मातंगकुळात जन्मलेला माणूससुद्धा सम्यग्दृष्टी असेल तर पूज्य आहे, हेही त्याच ग्रंथात आहे. आपण पाणी गाळतो ते पाण्यातल्या जिवांसाठी. सूर्यास्ताआधी जेवतो तेही जिवांसाठीच. करुणेतून आलेले नियम आहेत ते, आणि मला प्राणांहून प्रिय आहेत. पण गाळण्याच्या फडक्यात पाणी आणून देणाऱ्याची जात कधी अडकत नाही. ती आपण वेगळ्या कपात अडकवतो. भांडी घासणाऱ्या बाईचा, खिडकीच्या कोपऱ्यात उपडा ठेवलेला कप किती घरांत आहे, हे मी सांगायची गरज नाही. त्या कपाला कुठल्या आचार्यांचा आधार आहे, हे मात्र मला कुणीतरी दाखवावं.

या पुस्तकाच्या शेजारी आपल्या गावचं एक पुस्तक ठेवून बघण्यासारखं आहे. बाबा पदमनजी बेळगावचे, जन्म १८३१चा, आणि १८५४ साली बाप्तिस्माही बेळगावातच झाला. मराठीतली पहिली कादंबरी म्हणून जिचं नाव घेतात ती 'यमुनापर्यटन' त्यांची, १८५७ची. विधवांच्या दुःखाची कादंबरी ती. आपण बेळगावकर साहित्य संमेलनांत सीमाप्रश्नावर तावातावानं बोलतो, पण हा माणूस आपला होता हे कितीजणींना माहीत आहे? 'अरुणोदय' या आत्मचरित्रात त्यांनी आपलं मन कसं बदललं ते सांगितलं आहे. त्यात ग्रंथ आहेत, शंका आहेत, मुद्द्याला मुद्दा आहे. मुंबईत ते परमहंस सभेत होते. जातिभेद न मानणाऱ्या सुशिक्षित पुरुषांची ती गुप्त सभा. तिथे परजातीच्या हातचा पाव खाऊन प्रवेश मिळायचा, पण दार लावून. खायचं, आणि घरी कळू द्यायचं नाही. पुढे सभासदांची नावं बाहेर फुटायची वेळ आली तेव्हा सभाच मोडली.

त्या काळाची भीती मी समजू शकते. वाळीत पडणं म्हणजे काय, हे आपल्या आज्यांना विचारावं. तरी दोन्ही पुस्तकं लागोपाठ वाचली की हसू येतं. शिकलेले, इंग्रजी वाचणारे पुरुष कडी लावून पाव खातात, आणि शाळेचं तोंड न पाहिलेली बाई वर्षानुवर्षं खात नाही, पण खायला लागते तेव्हा दार उघडं ठेवून. बाबा पदमनजींचा प्रामाणिकपणा मोठा आहे, ते सभेतला लपवाछपवीचा भाग झाकत नाहीत. पण त्यांच्या पुस्तकात मला घर दिसत नाही. त्या घरातल्या बायका रात्री काय बोलल्या असतील, ते कळत नाही. ते कळायला मराठीला 'स्मृतिचित्रे'ची वाट बघावी लागली.

पंडिता रमाबाईंचं नाव इथे घ्यायलाच हवं. १८८३ साली इंग्लंडात त्यांचा बाप्तिस्मा झाला, आणि ज्यांनी दीक्षा दिली त्यांच्याशीही त्या पुढे मुद्द्यांवर भांडत राहिल्या. ख्रिस्ती झाल्यावरही शाकाहार सोडला नाही. हे आपल्या बायकांना सांगितलं की त्यांचे चेहरे उजळतात! पण रमाबाई पंडिता होत्या. संस्कृत मुखोद्गत असलेली बाई वाद घालणारच. लक्ष्मीबाईंजवळ वादाची हत्यारं नव्हती. म्हणून आपल्याला त्या जवळच्या.

आता माझी तक्रार.

टिळकांवरचा राग या पुस्तकात नीटसा येत नाही. न सांगता धर्म बदलून माणूस बायकोला अधांतरी सोडतो, पुढेही घरात पैसा टिकू देत नाही, कुणाकुणाला घरी घेऊन येतो आणि त्यांच्या पोटाची सोय बघायची बायकोनं. तापला तर हातही उगारतो. लक्ष्मीबाई हे सगळं सांगतात, लपवत नाहीत, पण प्रत्येक वेळी शेवटी एक गमतीचं वाक्य टाकून वाचणाऱ्याला हसवतात, आणि हसण्यात राग विरून जातो. आमच्या मंडळातल्या मुली, म्हणजे पस्तिशीच्या सुना, इथे चिडल्या. "हे विनोदी आहे?" असं एकीनं विचारलं. मी पूर्वी असते तर म्हणाले असते, तो काळच तसा होता. आज तसं म्हणवत नाही. हे लिहिताना लक्ष्मीबाई साठीच्या पुढे होत्या, टिळक जाऊन बरीच वर्षं झाली होती, आणि प्रकरणं छापायला मुलगा पुढे झाला होता. गेलेल्या नवऱ्याबद्दल, मुलाच्या देखत, बाई किती लिहिणार? क्षमा उत्तम, हे आपण दशलक्षणाच्या पहिल्याच दिवशी म्हणतो. पण क्षमा करायला आधी अपराध अपराध म्हणून मांडावा लागतो. लक्ष्मीबाईंनी तो मांडला आणि लगेच त्यावर पदर ओढला, असं मला वाटतं. बाकी बाबतींत इतकी निर्भय असलेली ही बाई या एका जागी आपल्यासारखीच निघते.

दुसरी एक तक्रार ख्रिस्ती वाचक करतात असं ऐकलं आहे, की ख्रिस्ताबद्दल पुस्तकात फार कमी आहे. बाप्तिस्म्यानंतर मनात काय झालं याचं वर्णन त्या लांबवत नाहीत, लगेच पुढच्या कामाला लागतात. ही तक्रार मला पटत नाही. सामायिकात बसलेली बाई उठून काय सांगते? दूध उतू गेलं का ते बघते. आतलं आत राहतं. ज्यांना लक्ष्मीबाईंची श्रद्धा किती खोल होती ते पाहायचं असेल, त्यांनी टिळक गेल्यानंतरची वर्षं पाहावीत. १९१७ साली टिळकांनी मिशनचा पगार सोडून 'देवाचा दरबार' काढला आणि १९१९ मध्ये ते गेले. त्यांचं 'ख्रिस्तायन' हे ओवीबद्ध महाकाव्य सुरुवातीच्या अध्यायांतच अडलं होतं. लक्ष्मीबाईंनी पुढचे ६४ अध्याय लिहून ते पुरं केलं. शाळेत न गेलेल्या बाईनं! दहा-अकरा अध्याय नवऱ्याचे आणि चौसष्ट हिचे. इथे तरी कोण कुणाच्या मागून चाललं आहे?

'स्मृतिचित्रे'चे चार भाग १९३४ ते १९३६ या काळात आले, आणि १९३६च्या फेब्रुवारीत लक्ष्मीबाई गेल्या. बाजारात संक्षिप्त आवृत्तीही मिळते. मंडळानं तीच आणली होती, स्वस्त आणि हातात धरायला हलकी म्हणून. मी पूर्ण पुस्तक घ्यायला लावलं. गमतीचे प्रसंग छोट्या पुस्तकातही पुरतात. पण वेगळ्या चुलीपासून पाण्याच्या तांब्यापर्यंतचा जो रस्ता आहे, तो लांब आणि कंटाळवाणा आहे, त्यात बाई तेच तेच पुन्हा करते, पुन्हा अडते, पुन्हा सोवळं नेसते. तो कापला तर मग खरंच वाटेल की एके सकाळी उठली आणि गेली नवऱ्याच्या मागून. आता पूर्ण प्रतीची दुसरी प्रत मागवली आहे. ज्या बाईंनी पहिला प्रश्न विचारला होता, पहिली प्रत त्यांच्याच घरी आहे. तीन आठवडे झाले, त्यांनी ती परत दिलेली नाही.